बगाडेबाई आणि रोहिणखेडची मुंगसे

कमलाबाई बगाडे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांच्या हातात एक ओले पोते होते आणि त्या पोत्यात मेलेले मुंगूस होते. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात पहिल्या भेटीचे वर्णन याहून प्रसन्न असायला हवे, हे मला कळते. पण बाईंविषयी लिहायचे आणि गुळगुळीत लिहायचे, हे मला जमणार नाही. त्यांच्या सहवासात माझ्या मनात आधी आदर उत्पन्न झाला नाही. आधी धक्का बसला. पुढच्या वर्षभरात असे धक्के आणखी बसले. आदर त्यातूनच आला, आणि तो गेली पन्नास वर्षे वाढतो आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षेच झाली होती. मी मूळचा डोणगावचा, पण चिखलीच्या शाळेत चित्रकला शिकवू लागून मला चार-पाच वर्षे झाली होती. विज्ञानाला नवीन बाई येणार आहेत, त्या नागपूरहून बी.एस्सी. झाल्या आहेत, रोहिणखेडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या आहेत, एवढे मुख्याध्यापकांनी सांगितले होते. एका सकाळी मी टेबलावर स्वच्छ पांढरा कागद ताणून बसवत होतो. बाई आत आल्या आणि त्यांनी ते पोते माझ्या कागदाच्या शेजारी ठेवले.

"तुम्हीच ड्रॉइंग मास्तर ना? मी बगाडे. हे मेहकरच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडलं. मला याचा तक्ता काढून हवाय. तीन-चार तास आहेत आपल्याकडे. मग वास सुटेल."

मी खुर्चीवरून ताडकन उठलो. "बाई, आधी हे उचला! मुंगसाचं चित्र मला न बघता काढता येतं. लहानपणापासून पाहत आलोय मी."

"मग काढा," बाई म्हणाल्या आणि समोरच्या बाकावर शांतपणे बसून राहिल्या.

पंधरा मिनिटांत मी चित्र काढले. समोर फणा काढलेला नाग, त्याच्यावर झेप घेणारे मुंगूस. चित्र जोरदार झाले होते, निदान मला तसे वाटत होते. बाईंनी ते नीट पाहिले.

"नाग छान आलाय," त्या म्हणाल्या. "आता पायाची बोटं मोजा."

माझ्या मुंगसाला प्रत्येक पायाला चार बोटे होती. पोत्यातल्या मुंगसाला पुढेही पाच होती, मागेही पाच. मी मांजरासारखी आत दडलेली नखे काढली होती. खऱ्या मुंगसाची नखे लांब, वाकडी आणि कायम बाहेर होती, जमीन उकरण्यासाठी. मी कान उभे काढले होते. खरे कान लहान, गोलसर आणि डोक्याला चिकटलेले. शेपूट मी दोरीसारखे निमुळते काढले होते. खरे शेपूट बुडाशी जाड, लांब केसांचे, जवळजवळ धडाइतके लांब आणि टोकाला फिकट होते. मग बाईंनी अंगठ्याने त्याची पापणी वर केली. तांबूस डोळ्यातली बाहुली आडवी आणि लांबट होती. मी ती गोल काढली होती.

ज्या प्राण्याला जन्मभर पाहिले असे मी छातीठोकपणे सांगत होतो, त्याचा एकही अवयव मला धड माहीत नव्हता.

"राग मानू नका, मास्तर," बाई म्हणाल्या. "सगळे असंच काढतात. पाहिलेलं कोणी काढत नाही, ऐकलेलं काढतात."

निदान रंग तरी बरोबर द्यावा म्हणून मी काळ्यात पांढरा मिसळून राखाडी बनवू लागलो. बाईंनी मुंगसाच्या पाठीवरचा एक केस उपटला, पांढऱ्या कागदावर ठेवला आणि माझ्या हातात भिंग दिले. केस एका रंगाचा नव्हता. गडद, फिकट, पुन्हा गडद, पुन्हा फिकट अशी वलये त्याच्यावर बुडापासून टोकापर्यंत होती.

"राखाडी कुठं दिसतोय?" त्यांनी विचारले.

कुठेच दिसत नव्हता. हजारो केसांवरच्या गडद आणि फिकट पट्ट्या लांबून एकत्र होत होत्या आणि राखाडी रंग आपला डोळा बनवत होता. मी चित्रकलेचा शिक्षक, रंगांवर पोट भरणारा माणूस, आणि हे मला विज्ञानाच्या एका नवख्या शिक्षिकेने दाखवले! त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत मी तक्ता काढत होतो. त्या मेलेल्या प्राण्याला आपण हात लावतो आहोत, हे माझ्या लक्षातही राहिले नाही.

बाईंची शिकवण्याची रीत हीच होती. अकरावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, की नाग चावला तर मुंगूस मुंगूसवेल खाऊन बरे होते, हे खरे का? बाई म्हणाल्या, "मी पाहिलेलं नाही. तू पाहिलंस? नाही ना? मग ज्यानं तुला सांगितलं त्याला विचार, त्यानं स्वतः पाहिलं का." तो गडी आठवडाभर घरात, शेजारी, बाजारात विचारत फिरला आणि परत येऊन म्हणाला, की स्वतः पाहिलेला माणूस चिखलीत सापडत नाही. मग बाईंनी समजावून सांगितले, की मुंगूस जिंकते ते चपळाईने. अंगावरचे राठ केस फुलवते, त्यामुळे नागाचा दात अंगापर्यंत पोचत नाही. विष त्याला इतर प्राण्यांपेक्षा कमी बाधते, पण अजिबात बाधत नाही असे नाही. शेवटी सगळ्यांना वहीत एक वाक्य लिहायला लावले: साप चावला तर वेली शोधू नये, दवाखाना गाठावा. त्या तासाला मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. मलाही ती वेल खरीच वाटत होती.

आता त्या वर्षातली मुख्य गोष्ट सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची दुपार होती. मी शाळेसाठी एक निसर्गचित्र रंगवत होतो. माझ्या सगळ्यांत आवडत्या ब्रशाचा एक केस निघाला आणि ओल्या आकाशावर चिकटला. असे नेहमीच होते. मी तो सुईच्या टोकाने उचलला, बोटावर घेतला आणि टाकून देणार तोच खिडकीचे ऊन त्याच्यावर पडले.

गडद. फिकट. गडद. फिकट.

असले केस मी त्या तक्त्यासाठी तासन् तास भिंगातून पाहिले होते. तरी मनाला म्हटले, नाही, भास आहे. ब्रश हातात घेऊन मी तसाच प्रयोगशाळेत धावलो. बाई वह्या तपासत होत्या. मी ब्रश पुढे केला.

बाईंनी ब्रशाचा एक केस काढला. त्या पहिल्या मुंगसाचा एक झुपका त्यांनी काचेच्या नळीत जपून ठेवला होता, त्यातला एक केस घेतला. दोन्ही केस काचपट्टीवर शेजारी शेजारी ठेवून त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. खूप वेळ पाहिले. मग बाजूला झाल्या आणि मला खूण केली.

दोन केस होते. त्यातला ब्रशाचा कोणता आणि मुंगसाचा कोणता, हे मला ओळखता आले नाही.

हे ब्रश मी शाळेसाठी चार-पाच वर्षे मागवत होतो. एक फिरता विक्रेता ते आणून देई. "घोड्याचे केस, विलायती पद्धत," असे तो सांगे आणि मी तेच मुलांना सांगत असे. चित्रकलेच्या परीक्षेला बसणारी प्रत्येक मुलगी, प्रत्येक मुलगा माझ्या शब्दावर हेच ब्रश घेत होता. "टोक कसं ताठ राहतं बघा, पाणी कसं धरतं बघा," म्हणून मी वर्गात त्याचे गुणगान करत होतो. ते सगळे मला आठवले. मी स्टुलावर बसलो. बाईही बसल्या. त्यांनाही याची कल्पना नव्हती.

मग त्या एकदम म्हणाल्या, "आमच्या मळ्यात उंदीर फार झालेत."

मला संदर्भ लागला नाही.

"दादाचं पत्र आलंय. वांगी, रताळी, भुईमूग, सगळं उंदरांनी कुरतडलं म्हणतो. बाबा असताना असं कधी झालं नव्हतं. मी विचार करत होते, यंदाच इतके कसे झाले." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मास्तर, या रविवारी माझ्यासोबत रोहिणखेडला येता का?"

बुलढाण्याला एस.टी. बदलून, राजूरचा घाट उतरून, मोताळ्यावरून आम्ही रोहिणखेडला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. गावातली जुनी मशीद ओलांडून पलीकडे गेले की बगाड्यांचा मळा. बाईंचे थोरले बंधू सुखदेवराव पाण्याची बारी देत होते. बहिणीला पाहून त्यांनी फावडे टाकले.

"काऊन वं कमळे, अशी न सांगता आली? सारं बरं आहे ना?"

बाईंनी माझी ओळख करून दिली, पाणी प्यायल्या आणि सरळ विचारले, "दादा, मळ्यात मुंगसं दिसत नाहीत आता?"

सुखदेवराव हसले. "दिसतीन कशी? धरून नेली ना! आपल्या कोंबड्या खाऊन राह्यले होते ते. फासे लावणारे दोघं नवराबायको आले, म्या म्हटलं, न्या बाप्पा सारे. आताबी कोठ्यातच आहेत थे. चाल, दाखवतो तुले."

एखादे चांगले काम केल्याच्या अभिमानाने ते आम्हाला गुरांच्या कोठ्याकडे घेऊन गेले. मी दारातून आत पाऊल टाकले आणि चौकट धरून तिथेच उभा राहिलो.

समोरच्या भिंतीवर बाभळीचे काटे ठोकून कातडी वाळत घातली होती. एकाशेजारी एक, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. प्रत्येक कातड्याखाली ते लांब, टोकाला फिकट असलेले शेपूट लोंबत होते. खाली वर्तमानपत्रावर केसांचे झुपके लांबीप्रमाणे वेगळे करून दोऱ्याने बांधून ठेवले होते. लहान, मध्यम, मोठे. ते कशासाठी वेगळे केले आहेत, हे तिथे कोणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. चार नंबरचा ब्रश, आठ नंबरचा, बारा नंबरचा. मी ते रोज हातात धरत होतो.

मी बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर बसलो.

बाई मात्र आतच उभ्या होत्या. याच कोठ्याच्या दारात बसून त्यांनी लहानपणी मुंगसे पाहिली होती. टिटवीचे अंडे पुढच्या पायांत धरून, पाठमोरे होऊन, मागच्या पायांमधून ते दगडावर आपटून फोडणारे मुंगूस त्यांना इथेच दिसले होते आणि पुढे प्राणिशास्त्र शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले ते तेव्हापासून. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितले. त्या क्षणी त्या फक्त भिंतीकडे पाहत होत्या.

मी परत आत आलो तेव्हा कोपऱ्यात ते नवराबायको उभे होते. बायकोच्या कडेवर तान्ही मुलगी होती. नवरा घाबरून म्हणाला, "मालकानं सांगितलं म्हनून धरले जी. शहरातून मानूस येते, केसं घेऊन जाते. आमाले दुसरं काही मालूम नाही."

मला वाटले, आता बाई कडाडतील. त्या म्हणाल्या, "आज सकाळी धरलेले कुठं आहेत?"

त्याने टोपलीकडे बोट दाखवले. सोललेली तीन मुंगसे होती.

"पोटं काढून टाकता ना तुम्ही? ते मले द्या." मग भावाकडे वळून म्हणाल्या, "दादा, सूप आण."

"सूप? कमळे, हे का लावलं तू? घरातल्या सुपात?"

"आण म्हणते ना!"

सुखदेवरावांनी सूप आणले. बाईंनी पदर खोचला, पिशवीतून पाते काढले, उन्हात बसल्या आणि एकेक पोट उघडून त्यातले सुपात पसरू लागल्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो. उंदराचे केस आणि बारीक जबडे, पुढचे पिवळे दात तसेच शाबूत. भुंग्यांचे टणक पंख. नाकतोड्याचे पाय. ओढ्यातल्या खेकड्याची नांगी. सरड्याच्या शेपटीचा तुकडा. बोराच्या बिया. एका पोटात लहानशा सापाची कातडी. आणि तिसऱ्या पोटात एक पीस.

सुखदेवराव झटकन पुढे झाले. "हे पाह्य! कोंबडीचं पीस! म्या म्हनत नव्हतो?"

बाईंनी ते पीस उचलून सगळ्यांना दिसेल असे सुपाच्या कडेला ठेवले.

"हाव, आहे पीस. कोंबडी खाल्ली त्यानं. मी खोटं नाही बोलत. आता बाकीचं तू वेगळं कर."

सुखदेवराव उकिडवे बसले. काडीने जबडे एकीकडे सारू लागले. सुरुवातीला भराभर, मग हळूहळू. त्यांचा चेहरा बदलत गेलेला मी पाहिला. सुपातली ती रास पाहून त्यांची काडी थांबली.

"हे सारे उंदरंच?"

"उंदरंच, दादा. हे तीन जनावरांचं एका दिसाचं खाणं. भिंतीवर किती आहेत ते पाह्य."

त्यांनी भिंतीकडे पाहिले नाही. धप्पकन जमिनीवर बसले. "म्या आपल्याच हातानं राखणदार मारले," ते पुटपुटले. "बापानं कधी हात नव्हता लावू देल्ला कोनाले."

पुढे जे झाले ते फार झपाट्याने झाले. सुखदेवरावांचा सगळा राग त्या नवराबायकोवर उतरला. "उचला आपलं बाड! चालते व्हा इथून!" ती दोघे हातात येईल ते गोळा करून, मुलीला घेऊन भर उन्हात बांधावरून निघून गेली. बाई विहिरीवर हात धूत होत्या. मला वाटले, आपण जिंकलो.

एस.टी.ने आम्ही परत निघालो. बुलढाण्याच्या स्टँडवर उतरल्यावर बाई म्हणाल्या, "मास्तर, चूक झाली."

"कसली चूक? तुम्ही तर दादांचे डोळे उघडले."

"मी जनावरांची पोटं उघडून पाहिली. त्या बाईच्या कडेवर पोर होती. त्यांच्या पोटाचं मी विचारलंच नाही. दादानंच बोलावलं, दादानंच हाकललं, आणि मी हात धूत बसले."

त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या गोष्टींनी मी सुन्न झालोच होतो, पण या वाक्याने खरा हादरलो. कारण त्या तिघांचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

बाई पुढच्याच आठवड्यात रजा टाकून मोताळ्याच्या बाजाराला गेल्या. भावाला सोबत घेतले. बाजाराच्या कडेला ती दोघे सापडली. सुखदेवरावांनी त्यांना परत मळ्यात बोलावले, या खेपेला उंदीर धरायला. बिळे ओळखण्यात त्या दोघांचा हात धरणारे कोणी नव्हते. तो हंगामभर ती राहिली, मळा पुष्कळ सावरला, आणि मग एक दिवस निघून गेली. कुठे गेली ते कळले नाही. बाईंनी नंतर बरीच चौकशी केली, थांग लागला नाही. ही गोष्ट गाळू नका, असे बाईंनी मला बजावून सांगितले आहे, म्हणून लिहिली. तिसऱ्या वर्षी सुखदेवरावांचे पत्र आले, की बांधावर मुंगसाची जोडी दिसली. ते पत्र बाईंनी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवले आणि वाचता वाचता मध्येच थांबल्या. त्यांचा आवाज अडखळलेला आम्ही तेवढा एकदाच ऐकला.

इकडे शाळेत माझ्यापुढे वेगळाच प्रश्न होता. सगळे ब्रश मैदानात आणून मुलांसमोर जाळायचे, असे मी ठरवले होते. बाईंनी थांबवले.

"जाळून काय होईल? केस जळाल्याचा वास येईल. मुलांना सांगा, मास्तर."

सांगणे जाळण्यापेक्षा कितीतरी कठीण होते. इतकी वर्षे घोड्याचे केस म्हणून सांगितलेला माणूस आता कोणत्या तोंडाने उभा राहणार? तासाची घंटा झाली. फळ्याकडून वळून पाहतो तो बाई शेवटच्या बाकावर मुलींमध्ये दाटीवाटीने बसलेल्या. मी सगळे सांगितले. मी काय चुकीचे शिकवले आणि रोहिणखेडच्या कोठ्यात काय पाहिले, तेही. बऱ्याच मुलांनी हातातले ब्रश हळूच बाकावर ठेवले. एक मुलगी उभी राहिली. "सर, मग आम्ही रंगवायचं कशानं?"

मागून बाईंचा आवाज आला, "ते आम्ही शोधून सांगतो."

महिनाभर आम्ही दोघांनी शाळा सुटल्यावर नाना तऱ्हेचे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बैलाच्या कानातले लांब केस टोकाला निमुळते असतात आणि कातरून घेतले तर बैलाला काहीच इजा होत नाही, हे बाईंनी शोधले. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या बैलांचे केस आणले, बोरूच्या नळीत बसवून दोऱ्याने बांधले. पहिले ब्रश अगदी टाकाऊ निघाले. रंग टपटप गळे, रेघ फाटे. त्या वर्षी परीक्षेत आमच्या मुलांची कामे भरड आली आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून चांगलेच सुनावले. मी मान खाली घालून उभा असताना बाई आत आल्या. "यात दोष असेल तर माझा आहे. मास्तरांना मी भरीस घातलं," म्हणाल्या. हे खरे नव्हते. बाईंना मी तेवढे एकच असत्य बोलताना ऐकले आहे. पुढच्या वर्षी ब्रश सुधारले, मुलेही सुधारली. जुने ब्रश बाईंनी काचेच्या बरणीत घालून प्रयोगशाळेत ठेवले आणि चिठ्ठी लावली: 'मुंगूस. केस. ब्रशासाठी मारलेले.' पुढे काही वर्षांनी या प्राण्यांच्या शिकारीवर कायद्यानेच बंधने आली.

बाईंचा जिव्हाळा कामापुरता नव्हता. माझी पत्नी विषमज्वराने महिनाभर अंथरुणाला खिळली होती तेव्हा बाई रोज शाळेआधी आमच्याकडे येऊन स्वयंपाक करून जात. एकदा मी आभार मानायला तोंड उघडले. बाई म्हणाल्या, "आभार राहू द्या. भाजीत मीठ कमी पडलंय का, तेवढं सांगा." मीठ खरोखरच कमी होते. मी सांगितले. त्यांना ते आवडले.

त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी आज डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, शिक्षक आहेत. त्यांतल्या अनेकांनी या ग्रंथात लिहिले आहे. बाई किती हुशार आहेत, हे ते माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मला सांगायचे आहे ते एवढेच, की आपली चूक आपणच उजेडात आणायची आणि दुसऱ्याची चूक झाली तर त्याच्या शेजारी जाऊन बसायचे, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. हे करणारा माणूस मी सहकारी म्हणून जवळून पाहिला. असा माणूस शेजारच्या खोलीत शिकवत असतो, ही गोष्ट अजूनही मला थक्क करते.

गौरव समितीच्या वतीने गेल्या महिन्यात मी बाईंना भेटलो आणि विचारले, की आम्ही सगळ्यांनी मिळून तुमच्यासाठी काय मागावे? बाई म्हणाल्या, "शंभर वर्षं वगैरे मागू नका, मास्तर. जेवढी आहेत तेवढी नीट दिसत राहोत, ऐकू येत राहो, म्हणजे झालं."

बाई, आजवर तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. ही एक गोष्ट मात्र ऐकणार नाही. आम्ही तुमच्यासाठी डोळेही मागतो, कानही मागतो, रोहिणखेडच्या बांधावरून चालायला धड गुडघे मागतो, आणि शंभर वर्षेही मागतो. त्यातले एकही आम्ही कमी करणार नाही.